जुना संगणक : विकावा कीं द्यावा ?

कोपरगांवच्या एका एकत्र कुटुंबांतून आमच्याकडे नुकतीच एक विचारणा आली आहे. प्रश्न वरवर पाहतां लहानसा दिसतो. परंतु त्यांत दान, व्यवहार, घराण्याचा अभिमान आणि सार्वजनिक आरोग्य अशा चारही गोष्टी गुंतलेल्या असल्यामुळें त्याचें उत्तर खासगी पत्रानें न देतां या सदरांतूनच द्यावें, असें आम्हांस वाटलें. घरांतील आजोबांनीं नोकरींतून निवृत्त झाल्यावर, सुमारें अठरा वर्षांपूर्वीं, एक संगणक घेतला, टंकलेखन शिकून घेतलें आणि घराण्याचा कुलवृत्तांत त्यावर लिहून काढला. आजोबा गेल्यास आतां दोन वर्षें झालीं. यंत्र माजघराच्या कोपऱ्यांत कापडाखालीं झांकून ठेविलेलें आहे. थोरले चिरंजीव म्हणतात, भंगारवाल्यास देऊन टाका, जागा तरी मोकळी होईल. धाकटे म्हणतात, चालू आहे तोंवर विकून चार पैसे करूं. मधल्या सूनबाई शिक्षिका आहेत. त्यांच्या मनांतून तो एखाद्या शाळेस द्यावयाचा आहे. आजी कांहींच बोलत नाहींत. खंडेनवमीला मात्र त्या यंत्राला हळदकुंकू वाहून वर झेंडूचें एक फूल ठेवतात. अशा स्थितींत काय करावें, असा प्रश्न आहे.

हा प्रश्न एका घराचा नाहीं. इ. स. २००१ मध्यें महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालें आणि त्याच्या एम्. एस्. सी. आय्. टी. या अभ्यासक्रमानें संगणकाचें प्राथमिक शिक्षण तालुक्यातालुक्यांत पोंचविलें. त्यापुढील दहा-पंधरा वर्षांत मध्यम स्थितीच्या घरांतून संगणक आले, ते पुष्कळदां हप्त्यांवर आणि मोठ्या कौतुकानें आले. आज त्यांचें निम्मे काम हातांतील फोननें उचललें आहे आणि ते मात्र घरांत अडून बसले आहेत. तांब्यापितळेचें भांडें फुटलें तर तें मोडीला घालून नवें घ्यावें, हें आपणांस वाडवडिलांनीं शिकविलें. संगणकाची मोड कशी करावी, हें कोणीं शिकविलेलें नाहीं. कारण ती वेळ आपल्याच पिढीवर प्रथम आली आहे.

आधीं दानाचाच विचार करूं. कारण ‘नको असलेली वस्तु कोणास तरी देऊन टाकली’ म्हणजे दान झालें, अशी एक सोयीची समजूत हल्लीं फार रूढ झाली आहे. कठोपनिषदाच्या आरंभींची कथा आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. वाजश्रवसानें सर्वस्व देण्याचा यज्ञ आरंभिला आणि देण्याच्या वेळीं मात्र दूध आटलेल्या, थकल्याभागल्या गाई पुढें केल्या. पुढें नचिकेता यमाच्या दारीं गेला आणि त्यानें मोठें ज्ञान मिळविलें, एवढेंच आपण लक्षांत ठेवतों; परंतु त्या साऱ्या प्रकरणाचें मूळ एका निरुपयोगी दानांत होतें, हें विसरतों. ज्या गाईचें दूध संपलें, ती घेणाऱ्याच्या दारीं बांधली म्हणजे त्याला दूध मिळत नाहीं. वैरण मात्र घालावी लागते.

न चालणारा संगणक शाळेस दिला म्हणजे हुबेहूब हेंच घडतें. तो ठेवावयास जागा लागते, दुरुस्तीस पैसा लागतो, आणि दात्याचें मन मोडवत नाहीं म्हणून तो टाकूनही देतां येत नाहीं. शिवाय शाळेच्या जडसंग्रहाच्या नोंदवहींत जी वस्तु एकदां चढली, तिचें निर्लेखन करावयास मुख्याध्यापकांस कागदपत्रांचा खटाटोप करावा लागतो. म्हणजे आपल्या घरची अडगळ आपण काढली ती शाळेच्या खोलींत आणि वहींत नेऊन ठेवली, एवढाच त्या दानाचा अर्थ ! यासाठीं आमची कसोटी साधी आहे. परीक्षेच्या वर्षीं आपल्याच नातवाला हें यंत्र वापरावयास द्यावें, असें आपणांस वाटतें काय ? वाटत असेल तर तें दानास योग्य. वाटत नसेल तर एक तर तें तसें करून घ्यावें, नाहीं तर दानाचें नांव घेऊं नये.

तेव्हां प्रथम यंत्राची नाडी पाहावी. जुने संगणक तीन प्रकारचे असतात : चालते, आजारी आणि मेलेले, आणि घरचीं माणसें पुष्कळदां आजाऱ्यासच मेलेला समजतात. यंत्र सुरू करतांच भलतीच तारीख दिसली कीं ‘याचें डोकें फिरलें’ असें ठरतें. वस्तुतः आंतील नाण्याएवढी वाटोळी बॅटरी संपलेली असते आणि ती बदलणें हें फार तर घटकाभराचें काम असतें. मध्येंच बंद पडणारा संगणक बहुधा पंख्यांत सांचलेल्या धुळीमुळें तापलेला असतो. अतिशय मंद चालत असेल, तर त्यांतील जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागीं एस्. एस्. डी. बसविली आणि रॅम थोडी वाढविली, कीं तेंच यंत्र तरतरीत होतें. याशिवाय कांहीं यंत्रें शरीरानें धडधाकट असूनही केवळ फर्मानानें म्हातारीं ठरलीं आहेत. मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नियमित देखभाल थांबविली, आणि पुढची विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाहीं. अशा यंत्रांस लिनक्सचा आधार आहे. फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ मध्यें आरंभिलेल्या या प्रणालीचीं हलकीं रूपें विनामूल्य मिळतात. त्यांत पत्र लिहितां येतें, हिशेब मांडतां येतो आणि मराठीही उत्तम उमटते.

कोपरगांवकरांस संजीवनी विद्येची ओळख करून द्यावयास नको. गोदेच्या कांठीं बेटांत शुक्राचार्यांचें देवालय आहे, कचानें ती विद्या तेथेंच मिळविली अशी श्रद्धा आहे, आणि तिचें नांव तालुक्यांत साखर कारखान्यापासून महाविद्यालयापर्यंत सर्वत्र रुळलें आहे. परंतु शुक्राचार्यांनीं राख झालेला कचही उठविला. आपल्या गांवच्या दुरुस्तीवाल्याकडून तेवढी अपेक्षा करूं नये. फार जुन्या, ३२ बिटांच्या यंत्रांस आतां लिनक्सचाही आश्रय कमी होत चालला आहे. त्याच्या डेबियन या प्रमुख शाखेनें ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर नव्यानें बसविण्याची सोय बंद केली. म्हणून दुरुस्तीवाल्यास आधीं दोनच प्रश्न विचारावे : यंत्र ६४ बिटांचें आहे काय, आणि दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किंमतीहून अधिक होणार नाहीं ना ?

यंत्र चालतें असें ठरलें तरी तें लगेच घराबाहेर काढूं नये. त्यांत काय काय आहे, तें आधीं पाहिलें पाहिजे. ज्या गांवीं रघुनाथराव पेशव्यांनीं १७८३ मध्यें देह ठेविला आणि जेथें त्यांचा वाडा आजही दाखवितात, तेथील सुशिक्षित घराण्यास जुन्या दप्तराचें मोल आम्ही काय सांगावें ? इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव पायपीट करून घरोघरचीं दप्तरें धुंडाळीत असत. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्यें निघाला. त्यांच्या हातीं लागलें तें वांचलें. जें रद्दींत गेलें, तें कायमचें गेलें. त्या कागदांची नासाडी करणारे लोक कांहीं दुष्ट नव्हते. मोडी वाचणारें घरांत कोणी उरलें नाहीं, म्हणून त्यांना तो निरर्थक कागद वाटला, इतकेंच.

मराठी संगणकांचीही नेमकी हीच गत आहे. श्रीलिपि आणि तिच्यासारखे जुने टंक मराठी अक्षरें रोमन अक्षरांच्या जागीं बसवीत असत. तो टंक ज्या यंत्रांत नाहीं, तेथें तोच मजकूर उघडला तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. वास्तविक १९९१ मध्यें निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीला स्वतःचें स्थान मिळालें होतें. परंतु आपलीं छापखान्यांतील, कचेऱ्यांतील आणि घरांतील कामें त्यानंतर कित्येक वर्षें जुन्याच टंकांवर चाललीं होतीं. आजोबांचा कुलवृत्तांत अशा टंकांत असेल, तर तो वाचण्याची किल्ली त्या एकाच यंत्रांत आहे असें समजावें. नुसती नक्कल पेन-ड्राइव्हवर घेऊन यंत्र विकलें, आणि पुढें दहा वर्षांनीं नातवानें ती उघडली, तर मोडी न येणाऱ्याच्या हातीं मोडीचा रुमाल पडावा तसें होईल.

म्हणून यंत्र जिवंत आहे तोंवर तीन गोष्टी कराव्या. संपूर्ण लिखाण चांगल्या कागदावर छापून घ्यावें. जसें दिसतें तसेंच राहील अशी त्याची पी. डी. एफ्. प्रत करावी, आणि मग तें युनिकोडमध्यें रूपांतरित करून घ्यावें. रूपांतर करणारीं साधनें सहज मिळतात, परंतु त्यांच्याकडून जोडाक्षरांचा आणि रफारांचा घोटाळा होतो. तेव्हां छापील प्रत शेजारीं ठेवून घरांतील कोणी तरी मुद्रितें तपासावीं तसें तें अक्षरशः तपासलें पाहिजे. हें काम सुटींत मुलांकडे सोंपवावें. त्यानिमित्त पणजोबांचीं नांवें तरी त्यांच्या नजरेखालून जातील. छायाचित्रें, जुनीं पत्रें, हिशेब यांच्याही दोन प्रती कराव्या आणि त्यांतील एक परगांवच्या नातलगांकडे ठेवावी. एकाच घरांतील दोन प्रती आगीपुढें आणि पुरापुढें एकच असतात.

जपून झाल्यावर पुसणें. संगणकांतील मजकूर ‘काढून टाकला’ म्हणजे तो नाहींसा झाला, ही समजूत अगदीं चुकीची आहे. ग्रंथाची अनुक्रमणिका फाडली तरी आंतील पानें जागच्या जागींच असतात, तसा हा प्रकार आहे. अमेरिकेंतील सिम्सन गारफिंकेल व अभि शेलत या दोन संशोधकांनीं बाजारांतून १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकीं १२९ चालत होत्या, आणि नीट पुसलेल्या अवघ्या १२ निघाल्या. बाकीच्यांत त्यांना पांच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक सांपडले. एक डिस्क तर बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रांतून निघाली होती आणि तींत वर्षभराच्या देवघेवी जशाच्या तशा होत्या.

आपल्या घरांतील संगणकांत क्रेडिट कार्डाचा क्रमांक नसेलही. परंतु आधार कार्डांच्या प्रती, बँकेचीं खातीं, जमिनीचे उतारे, वडिलांचें मृत्युपत्र, आणि लक्षांत ठेवावयाचा कंटाळा म्हणून साठविलेले पासवर्ड त्यांत असतात. विशेषतः ज्या घरांत मुलींचीं लग्नें झालीं, त्या घरच्या संगणकांत त्यांचीं छायाचित्रें, पत्रिका, पत्ते आणि कोणत्या स्थळाशीं काय बोलणें झालें याचा सारा पत्रव्यवहार असतो. मुलगी सासरीं गेली, तिचें खासगीपण मात्र माहेरच्या माजघरांत पडून आहे. तें भंगाराच्या तराजूंत घालण्याचा अधिकार घरांतील कोणासही नाहीं. तेव्हां यंत्र देण्यापूर्वीं सर्व खात्यांतून बाहेर पडावें आणि फिरती हार्ड डिस्क असेल तर तींतील प्रत्येक जागेवर नवें लिहून जुनें बुजविणारा प्रोग्राम जाणकाराकडून चालवून घ्यावा. एस्. एस्. डी. ला ही रीत पुरत नाहीं. तिच्या कारखानदारानेंच दिलेली पुसण्याची सोय वापरावी. याहून सोपा आणि निर्धास्त मार्ग म्हणजे जुनी हार्ड डिस्क काढून घरींच ठेवावी आणि यंत्राला नवी लहान एस्. एस्. डी. बसवून द्यावी. खासगी तें घरांत राहतें आणि घेणाऱ्यास यंत्रही चपळ मिळतें. मात्र पेटींत पडलेली डिस्कही कालांतरानें निकामी होते. ती आठवण म्हणून ठेवावी, दप्तर म्हणून तिच्यावर विसंबूं नये.

आतां विक्री. विकण्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. जो पैसे मोजतो, तो वस्तु पारखून घेतो आणि जपून वापरतो. कित्येकदां फुकट दिलेल्या वस्तूपेक्षां विकलेलीच अधिक दिवस उपयोगीं पडते. दोन दुरुस्तीवाल्यांस विचारून किंमत ठरवावी. आपण पूर्वीं काय मोजलें तें डोळ्यांपुढें ठेवूं नये. संगणक हा सोन्याचा डाग नव्हे. यंत्रांतील दोष आपण होऊन सांगावे. शेवटीं यंत्राचा क्रमांक, दिनांक आणि दोघांच्या सह्या असलेली चिठ्ठी अवश्य करावी. पुढें त्या यंत्राचा कोणीं गैरवापर केला तर ती आपणांस उपयोगी पडते, आणि ‘हा माल चोरीचा तर नाहीं ?’ अशी शंका निघाली तर ती घेणाऱ्याची अब्रू राखते.

द्यावयाचा झाल्यास पात्र शोधावें. आणि पात्र म्हणजे गरीब मनुष्य नव्हे, तर ज्याचें त्या वस्तूवांचून अडलें आहे असा मनुष्य. शाळेस द्यावयाचा असेल तर आधीं मुख्याध्यापकांस विचारावें : यंत्र हवें आहे काय, वीज नियमित असते काय, शिकविणारें कोणी आहे काय ? होकार आला तर की-बोर्ड, माऊस, तारा यांसह तें स्वतः जोडून, चालवून दाखवावें आणि वर्षभराच्या दुरुस्तीचा भार आपणच पत्करावा. परंतु एकटें जुनें यंत्र शाळेपेक्षां एखाद्या विद्यार्थ्याच्या घरीं अधिक शोभतें, असें आमचें मत आहे. सरकारी संगणक टंकलेखनाच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलीस फार वेगवान यंत्र लागत नाहीं. तिला हवे असतात ते चांगला की-बोर्ड आणि रोजचे दोन तास. शिकवणीच्या वर्गांत मिळणाऱ्या ठराविक वेळेवर जिला सराव भागवावा लागतो, तिच्या घरीं असें यंत्र गेलें तर तिची नोकरीची वाट सुकर होते. मात्र घरीं धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंच्या मुलीस संगणक दिला आणि दुसऱ्या दिवसापासून आईला चार कामें जास्त सांगूं लागलों, तर तें दान राहिलें नाहीं. ती आगाऊ दिलेली मजुरी झाली. तसेंच अशा प्रसंगीं छायाचित्र काढून चारचौघांत मिरवूं नये. घेणाऱ्या मुलीलाही मैत्रिणी असतात.

तेव्हां कोपरगांवच्या कुटुंबास आमचें सांगणें असें : कुलवृत्तांत आधीं छापून घ्यावा आणि त्याची पहिली प्रत आजींच्या हातीं द्यावी. हार्ड डिस्क घरीं ठेवावी. यंत्र ६४ बिटांचें निघालें, तर धाकट्या चिरंजीवांनीं विक्रीची आशा सोडून उलट थोडा खर्च करावा, लिनक्स बसवून घ्यावें, आणि मधल्या सूनबाईंनीं आपल्या माजी विद्यार्थिनींतून एखादी होतकरू मुलगी निवडावी. यंत्र जुनें, ३२ बिटांचें निघालें, तर थोरल्या चिरंजीवांचें म्हणणें खरें. तें मोडींतच काढावें. मात्र भंगारवाल्याचा मार्ग आम्हांस मान्य नाहीं.

याचा अर्थ भंगारवाल्यास कमी लेखणें असा कोणीं करूं नये. आपल्या घरचा कागद, कांच, पत्रा वेगळा करून पुन्हां उपयोगांत आणणारा हाच वर्ग आहे. पुण्यास १९९३ मध्यें कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तेव्हांपासून त्याच्या कष्टांस मान मिळूं लागला. दोष त्याचा नाहीं. त्याच्यापुढच्या सांखळीचा आहे. जुन्या डबड्यासारख्या मॉनिटरच्या कांचेंत शिसें असतें. तारांतील तांबें काढण्यासाठीं त्या जाळतात, पाट्यांवरील सोनें काढण्यासाठीं त्या आम्लांत बुडवितात, आणि हें काम उघड्या हातांनीं करणाऱ्यांत बायकामुलेंही असतात. उत्तर प्रदेशांतील मुरादाबाद हें पितळी भांड्यांसाठीं नांवाजलेलें गांव. तेथें अशा भंगाराची काळी राख रामगंगेच्या कांठीं टाकलेली आढळली आणि राष्ट्रीय हरित लवादास त्याची दखल घ्यावी लागली. ज्या गांवाचें पाणी नदीवर अवलंबून आहे, त्यानें हें उदाहरण दूरचें समजूं नये. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनीं २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगांत सहा कोटी वीस लक्ष टन इ-कचरा झाला, आणि त्यांतील शेंकडा २२.३ इतकाच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद आहे.

आपल्या देशांत इ-कचऱ्याचे नियम प्रथम २०११ मध्यें झाले. सध्यांचे नियम २०२२ चे असून ते १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले आहेत. त्यांअन्वयें विकलेल्या मालाच्या शेवटाची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि हें काम नोंदणी झालेल्या संस्थांकडूनच करून घ्यावयाचें आहे. तेव्हां ज्या कंपनीचें यंत्र असेल तिच्याकडे परत घेण्याची सोय विचारावी, अथवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादींतील संस्थेकडे तें पोंचवावें. यू. पी. एस्. ची बॅटरी विक्रेत्याकडे परत करावी. एका मॉनिटरसाठीं नाशिकची किंवा पुण्याची फेरी कोणी करणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. परंतु आळींतील दहा घरांनीं आपापलें मेलेलें सामान एके ठिकाणीं जमविलें, तर एका टेंपोचें काम होतें. महिला मंडळांनीं दिवाळीच्या आवराआवरीस जोडून हें वर्षांतून एकदां मनावर घ्यावें.

नवा संगणक घेतांना आपण दहा दुकानें हिंडतों, जाणकारांस विचारतों, मुहूर्तही पाहतों. तोच संगणक घराबाहेर काढतांना मात्र अर्ध्या तासांत निकाल लावावा असें वाटतें. वस्तु घेण्यांत घराची ऐपत दिसते. ती सोडण्यांत घराचें वळण दिसतें. यासाठीं आधीं जपावें, मग पुसावें, मग दुरुस्त करावें आणि त्यानंतरच विकावें किंवा द्यावें. आणि ज्याचें यांतलें कांहींच होण्यासारखें नाहीं, त्याची मूठमाती तरी अशी करावी कीं, तिचें विष कोणाच्या मुलाच्या हातीं आणि कोणत्याही नदीच्या पात्रांत जाऊं नये.